मैदानावरचा दहीभात

आमच्या मोठ्या सरांना आदर्श शिक्षक पुरस्कार कधी मिळाला नाही, ते एका अर्थी बरंच झालं. मिळाला असता तर त्यांना स्टेजवर बोलवावं लागलं असतं, हातात माईक द्यावा लागला असता, आणि मग जिल्ह्यातल्या निम्म्या साहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नसतं. माणूस वाईट नव्हता हो. तोंडाला झाकण नव्हतं, एवढंच.

मी पुलगावची. माहेरही तिथलं, सासरही तिथलंच. त्यामुळे गिरडच्या पलीकडच्या त्या खेड्यात बदली झाली तेव्हा आदेश वाचून मी आधी रडले आणि मग गाव कुठं आहे ते लोकांना विचारत सुटले. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, तीन शिक्षक. पहिल्या दिवशी पोचले तर फाटक बंद. थोड्या वेळानं एक उंच, सुकलेला माणूस लुनावरून आला, पुढ्यातल्या पिशवीतून काहीतरी काढलं आणि "नवीन बाई का? धरा बरं हे," म्हणून माझ्या हातात दिलं. माझा हात खालीच गेला. रेल्वेच्या रुळाचा तुकडा होता तो. शाळेची घंटा! आधीची पितळी घंटा चोरीला गेली, तेव्हापासून मुख्याध्यापक रोज संध्याकाळी घंटा घरी नेत आणि सकाळी परत आणत.

"लोखंडाचा भाव वाढून राह्यला बाई," ते म्हणाले. "चोराले उगाच कायले मोह पाडायचा?"

मी मनात म्हटलं, बाप्पा! कुठं येऊन पडले मी.

सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी लिंबू असायचं. खरंखुरं, पिवळं, रसरशीत. नवरात्र संपलं की आसपासच्या शाळांमध्ये जाऊन बुवाबाजीविरुद्ध प्रयोग करून दाखवायचा त्यांना नाद होता. लिंबू कापलं की त्यातून रक्त कसं येतं, जिभेवर कापूर पेटवला तरी जीभ कशी भाजत नाही. लिंबाचा प्रयोग छान व्हायचा. कापराच्या प्रयोगात मात्र दर वर्षी त्यांची जीभ भाजायची. मग दोन-तीन दिवस ते बोलत नसत, आणि आम्ही बाकीचे दोघं ते दिवस सणासारखे घालवायचो. तालुक्यात त्यांना सगळे लिंबूवाले सर म्हणायचे.

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, हे आपलं सांगायला. खरी धांदल उडते ती दसऱ्यानंतर. पाऊस थांबला, रस्ते वाळले, साहेबांच्या गाड्या खेड्यात शिरायला लागल्या की उपक्रमांचा नुसता सुकाळ होतो. विज्ञान प्रदर्शनी, वक्तृत्व, हात धुण्याचा कार्यक्रम, वाचनाचा कार्यक्रम, प्लॅस्टिक नको, पाणी जपा, खेळांच्या स्पर्धा. आणि प्रत्येकाचा फोटो दुपारच्या आत ग्रुपवर टाकायचा. पोरांना हात धुवायला लावून फोटो काढेपर्यंत पाढे राहून जातात, पण पाढ्यांचा फोटो कुणी मागत नाही.

सरांनी यावर सोपा उपाय काढला होता. पोरं दोन रांगांत उभी आहेत, मागं शाळेची भिंत, असा एक फोटो त्यांनी काढून ठेवला आणि तोच रोज पाठवायला लागले. खाली फक्त ओळ बदलायची. कधी 'स्वच्छतेची शपथ घेताना विद्यार्थी', कधी 'पाणी बचतीची शपथ घेताना विद्यार्थी'. वाचनाच्या दिवशी 'मनातल्या मनात वाचन करताना विद्यार्थी'. मी म्हटलं, सर, कुणीतरी धरेल. ते म्हणाले, "बाई, धरायसाठी आधी पाहा लागते."

आणि खरंच कुणी पाहिलं नाही. उलट आमच्या शाळेला 'उपक्रमशील शाळा' म्हणून कौतुकाचा मेसेज आला, त्याखाली सगळ्यांनी टाळ्या टाकल्या. शेवटी पंचायत समितीच्या एका बाबूच्या नजरेत फोटोतली बकरी भरली. फोटोत डाव्या कोपऱ्यात गावातली एक काळी बकरी उभी होती. त्यानं फोन केला, "सर, ही बकरी रोज तुमच्या उपक्रमात कशी काय?"

"थे नियमित आहे," सर म्हणाले. "पोट्ट्यायपेक्षा हजेरी चांगली आहे तिची. पटावर घेऊ का?"

बाबूनं फोन ठेवला. तो बिचारा तरी काय करणार.

खो-खो हे सरांचं दुसरं वेड. स्वतः गुडघ्यानं अधू, बसले की उठायला भिंत लागायची, पण डोक्यात चोवीस तास खो-खो. वर्गातसुद्धा पोरांना एक इकडं तोंड, एक तिकडं तोंड असं बसवायचे. वाचता वाचता एक अडला की त्यानं पुढच्याच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणायचं, की पुढच्यानं उठून तिथूनच वाचायला लागायचं. मला आधी वेडेपणा वाटला. मग पाहिलं तर आपल्या पाठीवर कधी थाप पडेल या धाकानं सगळा वर्ग पुस्तकात डोळे घालून बसलेला. मी काही कबूल केलं नाही, पण माझ्या तिसरीत गुपचूप तेच सुरू केलं.

तालुक्याच्या सभेत एकदा गटशिक्षणाधिकारी साहेबांनी त्यांना उभं केलं. "तुमच्या शाळेची हजेरी दिवाळीच्या आसपास इतकी का पडते?" सर शांतपणे उठले आणि शेजारच्या मुख्याध्यापकाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "खो." तो गरीब माणूस सवयीनं ताडकन उभा राहिला! सभा इतकी हसली की साहेबांनी तो विषय पुढच्या महिन्यावर ढकलला. पुढच्या महिन्यात सरांच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

हजेरी का पडते हे साहेबांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे? कापूस फुटतो म्हणून पडते. वेचायला बाया मिळत नाहीत, मग घरची पोरं शेतात. पाचवी ते सातवीच्या पोरी तर आधी. सर यावर भाषण देत नसत. दर वर्षी वेचणी सुरू झाली की सकाळी लुना काढायची, पांदणीनं शेताशेताच्या कडेला जायचं आणि गाडीवर बसूनच हाक मारायची, "पायल!" पऱ्हाटीतून, म्हणजे उभ्या कापसातून, आवाज यायचा, "हजर सर!" "पाचशे चारले सातानं भागून दाखव!" मग पऱ्हाटीतून भागाकार यायचा. पायलची माय ओरडायची, "सर, तिचा हात थांबते नं!" सर म्हणायचे, "तोंड तं मोकळं हाय."

ही पायल पुढं सातवीत आली. काळीसावळी, काटक, धावायला लागली की पायाखाली जमीन आहे की नाही असं वाटायचं. बाप ट्रकवर, महिना महिना बाहेर. शेत सगळं मायच्या अंगावर. सरांनी त्या वर्षी पोरींचा खो-खोचा संघ उभा केला तो या पायलच्या जिवावर. संघ कसला, वरच्या वर्गांत जेवढ्या पोरी होत्या तेवढ्या सगळ्या घेतल्या, त्यात एकीला ताप आला. राहिल्या बरोब्बर नऊ. नऊच लागतात. आणि त्या नऊ जणी केंद्रातल्या शाळांमधून जिंकून तालुक्याच्या अंतिम सामन्याला गेल्या! आमच्या शाळेनं तोवर तालुक्यात फक्त पाहुण्यांच्या स्वागतगीतात भाग घेतला होता.

तालुका जिंकला की वर्धा. जिल्ह्याची स्पर्धा. त्या नऊपैकी बहुतेक पोरींनी वर्धा पाहिलं नव्हतं. सेवाग्रामच्या दवाखान्यात कुणाची तरी आजी ॲडमिट होती तेव्हा दोघी जाऊन आल्या होत्या, त्या बाकीच्यांना रोज वर्ध्याच्या गोष्टी सांगायच्या. सरांचं तर जेवणावरून मन उडालं होतं. "बाई, एकदा या पोरीयले तिथं नेऊ द्या मले," म्हणायचे. "हरल्या तरी चालन. मोठ्या मैदानावर, लोकायसमोर हरू द्या."

आणि सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पायल रडत आली. माय पाठवत नाही म्हणते.

आम्ही दोघं तिच्या शेतात गेलो. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी शेतात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या झाडाजवळ पाच दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग पहिलं बोंड वेचायचं. पायलच्या घरी ते पहिलं बोंड घरच्या पोरीनंच वेचायचं, अशी रीत. सीतादही दुसऱ्या दिवशीच ठरलेलं. वेचणाऱ्या बाया मोठ्या मिनतवारीनं मिळाल्या होत्या, एक दिवस पुढं ढकललं की त्या दुसऱ्याच्या शेतात जाणार.

"खेळ काय, पुढच्या वर्षीबी होइन," माय म्हणाली. "कापूस नाई थांबत."

"पुढच्या वर्षी पायल सातवीत नाई राहत," सर म्हणाले. "असं करू, सकाळी सहाले सीतादही करू, मंग निघू."

"सहाले? दवात?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दवात कापसाले हात लावते का कोनी? शिकवता काय हो तुमी पोट्ट्यायले?"

मी म्हटलं, संपलं. तेवढ्यात हा खिशात लिंबू घेऊन फिरणारा, देवधर्माच्या वाऱ्याला न उभा राहणारा माणूस काय म्हणाला असेल? म्हणाला, "अवं पायलची माय, सीता जंगलात केवढी फिरली. तुह्या शेतात येते तं तालुक्याच्या मैदानावर यायले तिले काय जड हाय?"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. पायलच्या मायला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं आणि तिच्या अटी सांगितल्या. दही घरचंच पाहिजे. पऱ्हाटीचं झाड याच शेतातलं. सगळं पायलच्याच हातानं. झालं की फोन करायचा, तेव्हा इथं बाया वेचायला लागतील. "अन् तिच्या वाट्याची ओळ, तिची पात कोन वेचन? माहा एक हात कमी पडते."

"तिची पात माह्याकडं," सर म्हणाले. "सामना झाला की येतो."

मायनं त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पुढं लुनावर सर, मागं टेम्पोत मी, नऊ पोरी, दहीभाताचा डबा आणि मुळासकट उपटलेलं, बोंडं फुटलेलं एक पऱ्हाटीचं झाड. मैदानावर ऊन चढल्यावर सरांनी खांबाच्या मागं कोपऱ्यातली जागा दाखवली, कुणाच्या पायात येणार नाही अशी. पायलनं पाच दगड मांडले, कुंकू लावलं, दहीभात ठेवला आणि बोंड वेचलं. मी फोन स्पीकरवर धरला होता.

"झालं का वं?"

"झालं माय."

"लागा वं बायांनो!" असा फोनमधून आवाज आला आणि त्यामागं बायांचा एकच गलका.

पण समोरच्या संघाचे सर तिकडून पाहत होते. तालुक्याच्या गावातली मोठी शाळा, पोरींना एकसारखे बूट, सरांना ट्रॅकसूट. ते धावत आले. दगड, कुंकू, दहीभात, खांबाजवळ रोवलेलं झाड! "ये क्या चल रहा है? करणी करून राह्यले का आमच्या पोरींवर?" बघता बघता गर्दी जमली. गटशिक्षणाधिकारी साहेब आले. ट्रॅकसूटवाले म्हणाले, "साहेब, ज्या खेळाडूनं हे केलं तिला बाद करा. शाळेच्या मैदानावर अंधश्रद्धा चालू देणार नाही आम्ही."

पायल माझ्या मागं लपली. तिला बाद केलं की आठ उरतात, आठात संघ होत नाही.

साहेबांनी विचारलं, "कुणी केलं हे?"

"मी," सर म्हणाले.

"तुम्ही? लिंबूवाले?"

"हो."

काय सांगू! जे हसू फुटलं मैदानावर! याच शाळांमधून हा माणूस दर वर्षी बुवांना शिव्या देत फिरला होता. कुणी ओरडलं, "सर, अंगारा द्या!" कुणी पाया पडल्याचं सोंग केलं. ज्यांच्यापुढं त्यांनी जीभ भाजून घेतली होती तेच मास्तर पोट धरून हसत होते. सरांच्या मानेपर्यंत लाली चढली. एरवी कुणाचं उधार न ठेवणारं ते तोंड, त्या दिवशी उघडलंच नाही. उघडलं असतं तर पायलचं नाव आलं असतं.

"खेळाडूनं केलेलं नाही म्हणता, तर सामना होईल," साहेब म्हणाले. "पण तुम्ही मैदानाबाहेर जा. आजच्या दिवस इथं दिसू नका."

तरी ट्रॅकसूटवाल्यांचं समाधान होईना. म्हणाले, आमच्या पोरी घाबरल्यात, आधी मैदानावरून लिंबू उतरवून टाका. साहेबांनी कपाळावर हात मारला. सरांनी मुकाट्यानं खिशातलं लिंबू काढून त्यांच्या हातात दिलं आणि फाटकाकडे चालायला लागले. जाताना मला एवढंच म्हणाले, "पायलले शेवटच्या तुकडीत ठेवजा." मग लुना सुरू झाल्याचा आवाज आला.

खो-खोतलं मला ओ की ठो कळत नाही. मी नुसती रेषेबाहेर उभी राहून 'पळ वं, पळ' म्हणत घसा फोडला. आमच्या पोरी आधी बसून खेळल्या, बऱ्यापैकी गडी बाद केले. मग पळायची पाळी आली आणि एक एक करत आमच्याच जायला लागल्या. शेवटच्या तुकडीतल्या दोघी गेल्या, पायल एकटी राहिली. ती बाद झाली असती तर बरोबरी, पुन्हा डाव, आणि आमच्या पोरींच्यात दम उरला नव्हता. त्या बूटवाल्या पोरी तिच्यामागं लागल्या. ती खांबाला वळसा घालून निसटायची, दोघींच्या मधून जायची, पडता पडता सावरायची. शिट्टी वाजली तेव्हा ती उभी होती. बाकीच्या आठ जणी तिच्यावर जाऊन पडल्या आणि मी, शासनाची जबाबदार कर्मचारी, साहेबांसमोर नाचले!

ढाल घेतली, फोटो काढले. सरांना शोधलं. फाटकाबाहेर नव्हते, चहाच्या टपरीवर नव्हते, फोन लागत नव्हता. आता हा माणूस रुसून कुठं गेला, म्हणून मला रागही आला आणि काळजीही वाटली. टेम्पो गावाकडं निघाला. पोरींचं गाणं सुरू होतं, पायल तेवढी लुना दिसते का म्हणून रस्त्याकडे पाहत होती.

गावाच्या अलीकडे तिनंच टेम्पो थांबवला. तिच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी, लुना उभी होती.

सगळ्या बायांच्या पाती पार पुढं गेल्या होत्या आणि मागं, एकटेच, पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, कमरेला फडक्याची ओटी बांधून सर कापूस वेचत होते. गुडघे वाकत नव्हते म्हणून कमरेतून वाकले होते. आम्ही आलेलो त्यांना दिसलो, पण त्यांनी मान वर केली नाही. निकाल विचारला नाही. विचारायची हिंमत नव्हती त्यांची, हे मला तिथंच कळलं. आणि आम्ही दहाही जणी खुळ्यासारख्या उभ्या. पोरींना वाटलं मी सांगेन, मला वाटलं त्या सांगतील. ढाल टेम्पोतच राहिली होती.

पायलची माय पुढून आली. तिनं पोरीच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मग सरांच्या ओटीत हात घातला आणि मूठभर कापूस बाहेर काढला. त्यात कापूस कमी आणि वाळका पाला जास्त.

"पायल," ती म्हणाली, "वर्ध्याले कधी जायचं हाय?"

"पुढच्या आठवड्यात, माय."

"जाय मंग. पन या मास्तरले संग घेऊन जाय. इथं ठेवजो नोको. सारा कापूस खराब करून राह्यले."

सर सरळ झाले. एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे..." त्यांनी हातातला कापूस ओटीत टाकला. "म्हंजे जिंकलो का काय, बाई?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. ते तसेच, कमरेला ओटी बांधलेली, पातीत खाली बसले आणि त्या ओटीत तोंड घालून लहान लेकरासारखे रडायला लागले. पोरी घाबरल्या. मीही रडत होते, तर मी काय समजूत घालणार?

"मास्तर," पायलची माय म्हणाली, "धुऱ्यावर जाऊन रडा. कापूस वला होते."